गहू संशोधन, महाराष्ट्रातील

गहू : (सं. गोधूम, हिं. गेहूँ, गु. घउं, क. गोधी, लॅ. ट्रिटिकम, कुल–ग्रॅमिनी). गहू हे मूलतः थंड हिवाळ्याच्या प्रदेशातील तृणधान्य असून महाराष्ट्र हा त्याच्या लागवडीच्या दक्षिण सीमेजवळचा प्रदेश आहे. येथे हिवाळा आखूड व सौम्य असतो आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून उन्हाळ्याची चाहूल लागते. त्यामुळे पंजाब-हरियाणात जे पीक शेतात सु. १४० ते १५५ दिवस उभे असते, त्यालाच महाराष्ट्रात सु. १०५ ते १२० दिवसांत सर्व अवस्था उरकाव्या लागतात. राज्याचे सरासरी हेक्टरी उत्पादन पंजाबच्या निम्म्याहूनही कमी असते, याचे मुख्य कारण हेच. ही तूट शेतकऱ्याच्या हयगयीतून आलेली नाही. तिचे मूळ प्राधान्याने तापमानात आहे. राज्यात गेल्या सु. नव्वद वर्षांत या पिकावर झालेल्या संशोधनाचा गाभा म्हणजे या तापमानाशी व त्याच्या साथीने येणाऱ्या तांबेरा रोगाशी चाललेला झगडा होय. प्रस्तुत नोंदीत त्याची माहिती दिली असून उदाहरणांसाठी पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील घोड, मीना व कुकडी नद्यांची खोरी विशेषेकरून घेतली आहेत.

जाती : गव्हाच्या पेशीतील गुणसूत्रांची मूळ संख्या ७ असून लागवडीतील गव्हांत त्यांच्या दोन, चार किंवा सहा जोडण्या, म्हणजे एकूण १४, २८ किंवा ४२ गुणसूत्रे आढळतात. ही विभागणी जपानी शास्त्रज्ञ साकामुरा यांनी १९१८ मध्ये प्रथम स्पष्ट केली. सहापट गव्हाला शेवटचा गुणसूत्रसंच एका रानगवतापासून मिळाला, हे १९४४ मध्ये जपानमध्ये किहारा यांनी आणि अमेरिकेत मॅकफॅडन व सीअर्स यांनी स्वतंत्रपणे दाखविले. पावाच्या पिठाला लागणारी लवचिकता मुख्यत्वे याच संचातून येते. पुढे प्रक्रियेच्या संदर्भात हा मुद्दा पुन्हा येईल.

महाराष्ट्रात तीन प्रकार प्रचलित आहेत. सरबती गहू (ट्रिटिकम ईस्टिव्हम) सहापट असून पोळी व पाव यांसाठी वापरतात. बन्सी किंवा बक्षी (ट्रि. ड्यूरम) चौपट असून त्याचा दाणा मोठा, कठीण व अंबररंगी असतो. रवा व शेवया त्याच्या चांगल्या होतात. खपली किंवा जोड गहू (ट्रि. डायकॉकम) हाही चौपट आहे. मळणी केल्यावर त्याचा दाणा मोकळा होत नाही, टरफलासह राहतो आणि कांडून सोलावा लागतो. जखमेवर धरणाऱ्या खपलीसारखे हे टरफल दाण्याला चिकटलेले असते.

प्राचीन अवशेष : या खोऱ्यांतील गव्हाचा इतिहास फार जुना आहे. मीना व कुकडी या ज्या घोड नदीला मिळतात, तिच्याच काठी शिरूर तालुक्यात इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ पासून सु. पंधरा वर्षे उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचा काळ सर्वसाधारणपणे इ. स. पू. १६०० ते ७०० असा मानतात. जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून तेथील लोक सातू मुख्यत्वे पिकवीत व गहू अल्प प्रमाणात घेत, असे दिसून आले. या वसाहतीच्या मधल्या, म्हणजे पूर्व-जोर्वे काळात बांध व पाट बांधून पाणी वळविल्याच्या खुणा मिळाल्या आहेत. इ. स. पू. १००० नंतरच्या उत्तर-जोर्वे काळात मात्र शेतीला उतरती कळा लागली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकारीचे प्रमाण वाढले. पर्जन्यमान घटल्यामुळे हे घडले असावे, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे. कारणाविषयी मतभेद संभवतात. तथापि दख्खनच्या पठारावर हिवाळी धान्य पाण्याच्या आधाराशिवाय टिकत नाही, एवढे या पुराव्यावरून निश्चितपणे म्हणता येते.

आजचे खोरे : जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्याला लागून असून तेथे अतिवृष्टी होते व भात हे मुख्य पीक आहे. पूर्वेकडे पाऊस झपाट्याने घटतो आणि बाजरी, कडधान्ये व हिवाळी पिके दिसू लागतात. खोडद हे गाव या पूर्व भागात, सु. १९° उत्तर अक्षांशावर आहे. (महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकामुळे हे गाव जगभरच्या ज्योतिर्विदांना माहीत आहे. त्याच्या ४५ मी. व्यासाच्या ३० थाळ्यांपैकी १४ थाळ्या खोडद परिसरात असून अवतीभोवतीची शेती चालूच असते.) कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे या पाच धरणांमुळे येथील शेतीचे स्वरूप पालटले. कालव्याचे पाणी आल्यावर ऊस, कांदा, टोमॅटो व द्राक्षे ही पैशाची पिके पुढे आली. गहू टिकला, परंतु त्याचे स्थान बदलले. पूर्वी तो काळ्या जमिनीतील ओलीवर वाढणारे स्वतंत्र जिरायत पीक होता. आता खरिपातील पीक निघाल्यावर रिकाम्या झालेल्या रानात, घरच्या वर्षभराच्या धान्यासाठी घेतले जाणारे बागायत पीक झाला आहे. या बदलाचा एक परिणाम असा की, पेरणी बहुधा लांबते. गव्हाच्या बाबतीत पेरणी लांबणे ही किरकोळ गोष्ट नव्हे.

तापमान व पेरणीचा काळ : गव्हाच्या उगवणीस सु. २०° ते २५° से. तापमान मानवते. त्यानंतर फुटवे फुटण्यासाठी थंडी लागते. थंडी जितकी दीर्घ, तितके फुटवे अधिक व ओंबीतील फुलोऱ्यांची संख्या जास्त. उष्णतेत रोप घाईने पोटरीत येते. फुटवे कमी राहतात व ओंबी आखूड होते. हा पहिला तोटा. दुसरा तोटा दाणा भरताना होतो. फुलोऱ्यानंतर तापमान ३०° से.च्या वर जाऊ लागले की दाण्यात स्टार्च तयार करणाऱ्या एंझाइमांचे, विशेषतः विद्राव्य स्टार्च-संश्लेषकाचे, कार्य मंदावते. दाणा भरण्याचा काळ आखडतो आणि दाणा सुरकुततो. प्रथिनांचा संचय त्या मानाने कमी बाधित होतो. म्हणून उष्णतेत पिकलेल्या दाण्याचे वजन घटले तरी त्यातील प्रथिनांचे शेकडा प्रमाण वाढलेले दिसते. द्वीपकल्पातील गहू चवीला व गुणाला चांगला, अशी जी समजूत आहे तिला यात काही आधार आहे. मात्र हा गुण उत्पादनाच्या तुटीतून येतो, हे विसरता येत नाही.

या निरीक्षणांवरून महात्मा फुले कृषी विद्यापीठाने (राहुरी, स्थापना १९६८) पेरणीचे वेळापत्रक ठरविले आहे. जिरायत गहू ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, बागायत वेळेवरचा गहू नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरावा व उशिराची पेरणी १५ डिसेंबरपलीकडे नेऊ नये, अशी शिफारस आहे. १५ नोव्हेंबरनंतर पेरणीस होणाऱ्या प्रत्येक पंधरवड्याच्या विलंबामागे हेक्टरी सु. २.५ क्विंटल उत्पादन घटते, असे प्रयोगांत आढळले आहे. टोमॅटोचा शेवटचा तोडा पदरात पाडून घेण्यासाठी महिनाभर थांबणारा शेतकरी गव्हाचे सु. पाच क्विंटल गमावतो. कोणता सौदा लाभाचा, हे त्या वर्षीच्या टोमॅटोच्या भावावर अवलंबून राहते. उशिराच्या पेरणीत फुटवे कमी येणार हे गृहीत धरून बियाणे हेक्टरी १००–१२५ किग्रॅ.ऐवजी १२५–१५० किग्रॅ. वापरतात आणि दोन ओळींतील अंतर २० ते २२.५ सेंमी.वरून १८ सेंमी.वर आणतात. फुटव्यांची उणीव रोपांच्या संख्येने भरून काढावयाची, असे हे तत्त्व आहे.

तांबेरा : गव्हाच्या इतिहासातील सर्वांत नुकसानकारक रोग. तो पक्सिनिया वंशातील कवकांमुळे होतो. काळा किंवा खोडावरील, नारिंगी किंवा पानावरील आणि पिवळा, असे त्याचे तीन प्रकार आहेत. पिवळ्या तांबेऱ्यास थंडी लागत असल्याने तो महाराष्ट्राच्या मैदानी भागात आढळत नाही. पहिले दोन मात्र येथील उबदार हिवाळ्यात चांगले फोफावतात. १९४६–४७ च्या हंगामात मध्य भारत व लगतच्या प्रदेशात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ येऊन सु. २० लाख टन गव्हाचे नुकसान झाले. देशात त्या वेळी धान्याचे नियंत्रित वाटप चालू होते, हे लक्षात घेता या आकड्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो.

पीक काढल्यावर उन्हाळ्यात तांबेऱ्याचे बीजाणू कोठे तग धरतात, हा दीर्घ काळ अनुत्तरित राहिलेला प्रश्न होता. युरोप-अमेरिकेत बार्बेरी नावाच्या झुडपावर हे कवक आपले अर्धे जीवनचक्र काढते. म्हणून तेथे ती झुडपे उपटून काढण्याच्या मोहिमा झाल्या. आग्रा येथील वनस्पतिशास्त्रज्ञ करमचंद मेहता यांनी अनेक वर्षांच्या पाहणीनंतर दाखविले की, भारतात बार्बेरीला या बाबतीत महत्त्व नाही. मैदानी प्रदेशाच्या उन्हाळ्यात बीजाणू मरतात आणि रोग दर वर्षी डोंगरी प्रदेशांतून नव्याने खाली येतो. दक्षिण व मध्य भारताच्या बाबतीत हे उगमस्थान निलगिरी व पळणी डोंगरांत आहे. तेथे गव्हाचे रोप वर्षभर कोठे ना कोठे उभे असते. पुढे नागराजन, जोशी आदी शास्त्रज्ञांनी बंगालच्या उपसागरातील नोव्हेंबरच्या सुमारास येणाऱ्या चक्री वादळांशी याचा संबंध जोडला. वादळाबरोबरचे वारे बीजाणू उत्तरेकडे वाहून नेतात व पावसाबरोबर ते पिकावर उतरतात. यावरून हवामानाचे नकाशे पाहून साथीचा आगाऊ अंदाज करणे शक्य झाले.

रोगप्रतिकारक वाण निवडावयाचे तर रोग हमखास येईल अशी जागा लागते. महाबळेश्वर येथील गहू तांबेरा संशोधन केंद्राचे महत्त्व यात आहे. तेथील थंड व दमट हवेत तांबेऱ्याचे बीजाणू जिवंत राखता येतात, नवीन वाणांवर ते मुद्दाम सोडून कोणता वाण तगतो हे पाहता येते आणि इतर केंद्रांना चाचणीसाठी बीजाणूंचा पुरवठा करता येतो. पर्यटकांच्या गावी रोग जोपासण्याचे हे काम चालते, हे तेथे जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

खपलीचे योगदान : तांबेऱ्याच्या अभ्यासात दख्खनच्या एका जुन्या धान्याला जागतिक स्थान मिळाले. काळ्या तांबेऱ्याच्या कवकाचे अनेक प्रभेद असतात व ते डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. अमेरिकन शास्त्रज्ञ स्टॅकमन व लेव्हिन यांनी १९२२ मध्ये त्यासाठी गव्हाच्या बारा ठराविक वाणांचा संच निश्चित केला. कोणता वाण रोगास बळी पडतो व कोणता नाही, यावरून प्रभेदाचा क्रमांक ठरवीत. या संचातील एक वाण ‘खपली’ होता. मराठी-कन्नड मुलखातील हे नाव तसेच्या तसे जगभरच्या रोगशास्त्राच्या ग्रंथांत रूढ झाले. इतर बहुतेक वाण ज्या प्रभेदांपुढे नमत, त्यांना खपली दाद देत नसे.

हा प्रतिकार नेहमीच्या गव्हात आणणे सोपे नव्हते. कारण खपली चौपट व पावाचा गहू सहापट असल्याने त्यांच्या संकरातील बरीच रोपे वांझ निघतात. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी स्टाइनवेडेल नावाच्या स्थानिक गव्हाशी खपलीचा संकर करून ‘खपस्टाइन’ हा वाण तयार केला. खपलीपासून आलेल्या जनुकांना पुढे एसआर १३, एसआर १४ अशी नावे मिळाली. भुरी रोगाला प्रतिकार करणारे पीएम ४-ए हे जनुकही खपलीपासूनच मिळाले आहे. १९९९ मध्ये युगांडातून नोंदला गेलेला ‘यूजी ९९’ हा काळ्या तांबेऱ्याचा प्रभेद जगातील पुष्कळ वाणांचा आधार असलेल्या एसआर ३१ या जनुकाला जुमानीनासा झाला, तेव्हा जुन्या जनुकांचा शोध नव्याने सुरू झाला. एसआर १३ हे त्या प्रभेदाविरुद्ध उपयोगी ठरणाऱ्या जनुकांपैकी एक असून त्याची नेमकी रेणवीय ओळख २०१७ मध्ये पटली. ज्या धान्याला कमी उत्पादनामुळे शेतकरी सोडू लागले होते, त्याचे काही रानांतून टिकून राहणे विज्ञानाच्या दृष्टीने किती मोलाचे होते, हे यावरून दिसून येते.

संशोधन संस्था व वाण : अल्बर्ट व गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्याच्या १९०९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने भारतीय गव्हांच्या पद्धतशीर अभ्यासास चालना दिली. महाराष्ट्रातील संशोधनाचे जुने केंद्र नासिक जिल्ह्यातील निफाड येथे १९३२ मध्ये स्थापन झाले. गोदावरी खोऱ्यातील भारी काळी जमीन व त्या मानाने थंड रात्री यांमुळे ही जागा योग्य ठरली. सुरुवातीस स्थानिक गव्हातील चांगल्या रोपांची निवड करून ‘निफाड ४’ सारखे वाण काढण्यात आले. ते तांबेऱ्यास बळी पडत, म्हणून त्यांचा केनियातील प्रतिकारक गव्हाशी संकर करण्यात आला. या संकरातून निघालेल्या वाणांना ‘केनफाड’ असे दोन्ही ठिकाणांच्या नावांचे जोडनाव मिळाले. नंतरच्या काळातील एनआय ५४३९ हा सरबती व एन ५९ हा बन्सी वाण शेतकऱ्यांच्या विशेष पसंतीस उतरले.

१९६५ मध्ये अखिल भारतीय समन्वित गहू सुधार प्रकल्प सुरू झाला व त्याच सुमारास मेक्सिकोतील बुटके वाण देशात आले. त्यांच्या बुटकेपणाचा उगम ‘नोरिन १०’ या जपानी गव्हात आहे. उंच देशी गव्हाला नत्र जास्त दिले की तो लोळत असे; बुटका गहू हेक्टरी १२० किग्रॅ. नत्रही पेलू शकतो. मात्र बुटकेपणा आणणाऱ्या जनुकांमुळे उगवत्या कोंबाचे आवरणही आखूड होते. त्यामुळे पूर्वीच्या पाभरीने खोल ओलीत पेरलेले बी जमिनीबाहेर येऊ शकत नाही. नवीन वाण ५–६ सेंमी.पेक्षा खोल पेरू नये, या सूचनेमागील कारण हे आहे. सुरुवातीच्या वर्षांत बियाणे खराब म्हणून झालेल्या काही तक्रारींचे मूळ पेरणीच्या खोलीत असावे. जिरायत शेतीत वरचा थर लवकर सुकत असल्याने खोल पेरणी अटळ असते. म्हणून त्या शेतीत बुटक्या वाणांचा प्रसार सावकाश झाला, हे स्वाभाविकच होते.

निफाड केंद्राने पुढे त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी, नेत्रावती, फुले समाधान इ. वाण दिले. यांपैकी गोदावरी व पंचवटी बन्सी प्रकारातील आहेत. नेत्रावती मर्यादित पाण्यासाठी, तर फुले समाधान वेळेवर व उशिरा अशा दोन्ही पेरण्यांसाठी शिफारस केलेला आहे. कुकडी लाभक्षेत्रासारख्या भागात असा वाण विशेष सोयीचा ठरतो, कारण रान नेमके कधी मोकळे होईल हे शेतकऱ्यास आधी सांगता येत नाही.

दुसरे महत्त्वाचे केंद्र पुण्यात आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर (१८८४–१९६०) यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था स्थापन झाली. १९९२ पासून तिची संशोधन संस्था आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. तिचे प्रयोगक्षेत्र बारामती तालुक्यात होळ येथे आहे. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिच्या वाणांना ‘एमएसीएस’ हे उपपद लागते. १९९१ मध्ये प्रसारित झालेला एमएसीएस २४९६ व २०१० मधील एमएसीएस ६२२२ हे सरबती वाण द्वीपकल्पीय विभागात बरेच पसरले. एमएसीएस ६४७८ हा सु. ११० दिवसांत तयार होणारा वाण असून सातारा जिल्ह्यातील करंजखोप येथे त्याचे हेक्टरी ४५ ते ६० क्विंटल उत्पादन मिळाल्याची संस्थेची माहिती आहे. एमएसीएस ४०२८ हा जिरायत शेतीसाठीचा बन्सी वाण सु. १०२ दिवसांत येतो. त्याचे हेक्टरी उत्पादन १९ क्विंटलांच्या आसपास असले, तरी पावसाच्या ओलीवरील पिकाच्या मानाने ते समाधानकारक आहे; त्यात प्रथिने सु. १४.७ टक्के व जस्त आणि लोह प्रत्येकी दहा लाख भागांत ४० पेक्षा अधिक भाग आढळले आहे. खपलीचाही संस्थेने विचार केला. एमएसीएस २९७१ हा निमबुटका खपली वाण २००९ मध्ये प्रसारित झाला. धारवाड येथील कृषिविज्ञान विद्यापीठानेही डीडीके मालिकेतील खपली वाण काढले आहेत.

नवीन वाण प्रयोगक्षेत्रातून शिवारात नेण्याचे काम कृषी विज्ञान केंद्रे करतात. जुन्नर-आंबेगाव भागासाठी असे केंद्र नारायणगाव येथे ग्रामोन्नती मंडळातर्फे चालविले जाते.

पाणी : पेरणीनंतर सु. २१ दिवसांनी रोपाला जमिनीच्या पृष्ठभागाजवळ मुकुटमुळे फुटतात. या वेळी वरचा थर कोरडा असेल तर ती आत शिरत नाहीत व पुढे कितीही पाणी दिले तरी फुटव्यांची हानी भरून येत नाही. म्हणून मध्यम ते भारी जमिनीत १८ ते २१ दिवसांच्या अंतराने पाणी द्यावे, अशी सर्वसाधारण शिफारस आहे. परंतु कालव्याच्या आवर्तनावर अवलंबून असणाऱ्यांना तेवढी मोकळीक नसते. त्यांच्यासाठी तुटीच्या पाण्याचेही प्रयोग झाले आहेत. तीन पाळ्या शक्य असल्यास त्या पेरणीनंतर २१, ४२ व ६५ दिवसांनी, दोन असल्यास २१ व ६५ दिवसांनी आणि एकच असल्यास ती सु. ४२ दिवसांनी द्यावी. एकच पाळी मुकुटमुळांच्या वेळी न देता नंतर देण्याची ही शिफारस प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. तिच्यामागील हिशेब असा की, भारी जमिनीत पेरणीची ओल पहिले काही आठवडे पुरते; एकटे पाणी लवकर खर्च केल्यास मात्र पीक फुलोऱ्यात असताना पूर्ण कोरडे पडते.

प्रक्रिया : दाण्यात कोंडा सु. १४–१५ टक्के, अंकुर सु. २.५ टक्के व उरलेला भाग पिठूळ गराचा असतो. गरातील ग्लूटेनिन व ग्लायडिन ही प्रथिने पाण्यात भिजून ग्लूटेनचे जाळे बनवितात. ग्लूटेनिनामुळे कणकेला ताठरपणा व ग्लायडिनामुळे ताणले जाण्याचा गुण येतो. या दोहोंच्या तोलावर गव्हाचा उपयोग ठरतो. पावाला कणखर जाळे लागते, कारण त्यात वायू धरून ठेवावयाचा असतो. बिस्किटाला दुबळे जाळे चालते, किंबहुना तेच हवे असते. कणखर पिठाचे बिस्किट आक्रसते व कडक होते. निफाड केंद्राचा फुले सात्त्विक हा वाण बिस्किटांस योग्य म्हणून मुद्दाम निवडलेला आहे. पुरणपोळीला ताठरपणा कमी व ताण अधिक असलेली कणीक लागते. ओंबीचे वजन मोजून काढलेला वाण स्वयंपाकघरात नापास होऊ शकतो, हे पैदासकारांना पुष्कळदा अनुभवास आले आहे. याचे ठळक उदाहरण म्हणजे वर उल्लेखिलेले एसआर ३१. हे जनुक राय धान्यापासून गुणसूत्राच्या एका तुकड्याबरोबर गव्हात आले. त्याने तांबेऱ्यापासून संरक्षण दिले, परंतु त्याच तुकड्यामुळे कणीक चिकट होते व पावाची प्रत उतरते.

पोळीच्या बाबतीत दळण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. दगडी जात्यात किंवा चक्कीत दाणा घासला जाऊन स्टार्चचे काही कण फुटतात. असे पीठ जास्त पाणी शोषते व पोळी मऊ राहते. रूळांच्या गिरणीत कोंडा अलग करून मैदा काढतात, त्यात हे प्रमाण कमी असते. बन्सीचा कठीण दाणा दळताना पीठ न होता कणीदार फुटतो, म्हणून त्याचा रवा चांगला पडतो. त्याचा पिवळसर रंग ल्युटिनासारख्या कॅरोटिनॉइडांमुळे येतो. शेवया शिजवल्यावर गिचका होत नाहीत, तेही त्याच्या प्रथिनांच्या अधिक प्रमाणामुळे.

उन्हाळ्यातील कुरडयांसाठी काढला जाणारा गव्हाचा चीक ही घरगुती प्रक्रिया रसायनशास्त्राच्या दृष्टीने लक्षणीय आहे. गहू सु. तीन दिवस, रोज पाणी बदलून भिजत ठेवतात. या अवधीत सूक्ष्मजंतूंची आंबण्याची क्रिया सुरू होते, आम्लता वाढते आणि स्टार्चच्या कणांना धरून ठेवणारी प्रथिने सैल पडतात. नंतर गहू वाटून, चोथा गाळून, दुधाळ पाणी निवळत ठेवले की स्टार्च तळाशी बसतो. वरचे पाणी ओतून देतात. कारखान्यात कणकेतून स्टार्च धुऊन काढण्याची पद्धत वेगळी असली, तरी स्टार्च व प्रथिने अलग करण्याचे तत्त्व दोन्हींत एकच आहे.

खपलीचा उपयोग खीर, लापशी व पुरणपोळीसाठी पूर्वापार होतो. अलीकडे शहरांत तिला आरोग्यदायी धान्य म्हणून मागणी आली असून भावही सरबतीपेक्षा बराच जास्त मिळतो. तिचे पचन सावकाश होते असे प्रयोगांत आढळले आहे. परंतु तिच्यात ग्लूटेन नसते, हा समज चुकीचा आहे. ज्यांना ग्लूटेन वर्ज्य आहे अशा रुग्णांना खपलीही तितकीच वर्ज्य होय.

साठवण व काड : मळणीनंतर दाण्यातील ओलावा १० ते १२ टक्क्यांपर्यंत उतरेतो ऊन दिल्यास सोंडे व खापरा भुंगेरा यांचा उपद्रव मर्यादित राहतो. गव्हाचे काड ज्वारीच्या कडब्याइतके जनावरांना आवडत नाही. त्यातील सिलिका व लिग्निन यांमुळे ते पचण्यासही जड असते. १०० किग्रॅ. काडावर ४ किग्रॅ. युरिया पाण्यात विरघळवून शिंपडून ते सु. २१ दिवस झाकून ठेवल्यास निघणाऱ्या अमोनियामुळे तंतू सैल होतात व नत्राचे प्रमाणही वाढते. काडाचा आणखी एक उपयोग धिंगरी अळिंबीच्या लागवडीत होतो. काड बारीक तोडून, भिजवून व गरम पाण्याने निर्जंतुक करून त्यात अळिंबीचे बियाणे मिसळतात. पीक निघाल्यावर उरलेला चोथा कंपोस्ट खतात घालतात. फळबागेत व भाजीपाल्यात आच्छादन म्हणूनही काड पसरतात. त्याने ओल टिकते व तण कमी होते. यंत्राने मळणी वाढल्यापासून पुष्कळसे काड बारीक भुशाच्या रूपात मिळते. यंत्राने कापणी केली तर मात्र ते शेतातच राहते व पुढच्या पिकाची घाई असल्यास पेटवून दिले जाते. त्यामुळे जमिनीत परत जाऊ शकणारे सेंद्रिय द्रव्य व बरेचसे नत्र नष्ट होते.

पहा : अन्नधान्ये, तांबेरा, तृणधान्ये, बार्ली.